डास मेले, मग मे महिन्यात डेंग्यू आला कुठून?

पत्र:

दादा नमस्कार. आम्ही नागपूरला जुन्या कॉलनीत राहतो, बैठं घर आहे, पुढे अंगण. मागच्या ऑक्टोबरात यांना डेंग्यू झाला, पाच दिवस भरती होते, लय टेन्शन आलं. दिवाळीनंतर थंडी पडली, डास दिसेनासे झाले, म्हटलं चला सुटलो. आता मे महिना, पावसाचा पत्ता नाही, बाहेर ४५ डिग्री, अन् शेजारच्या पोट्ट्याला डेंग्यू निघाला. आला कुठून? डास मेले तर त्यांच्यासोबत व्हायरस पण मेला पाहिजे ना? सासूबाई म्हणतात तुझ्या कूलरातूनच आला. एका व्हिडिओत सांगत होते की व्हायरस डासाच्या अंड्यात लपून बसतो आणि डास जन्मतःच डेंग्यू घेऊन येतो. कॉलनीच्या ग्रुपवर सगळे रोज फॉगिंग मागतायत. आणि आमचे हे म्हणतात मला एकदा होऊन गेला, आता माझं काही वाकडं होत नाही, आणि अर्ध्या चड्डीत अंगणात बसतात. कोणाचं खरं मानू?
एक कूलरवाली, नागपूर

उत्तर:

कूलरवाल्या ताई,

सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत, व्हिडिओवाला पाव बरोबर आहे आणि तुमचे मिस्टर साफ चुकतायत. याच क्रमाने घेऊ, मिस्टरांना शेवटी, कारण त्यांच्यावर जरा वेळ जाणार.

आधी कूलर. आपल्याकडे काय होतं, नोव्हेंबर आला की कूलरचं पाणी काढायचं, वर जुनी चादर टाकायची आणि गच्चीवर नाहीतर जिन्याखाली ढकलून द्यायचा. टाकी कोणी घासत नाही. आता एक काम करा, मोबाईलचा टॉर्च घेऊन टाकीच्या आतल्या भिंतीवर जिथे क्षाराची पांढरी रेष उमटलेली असते ना, तिच्या थोडंसं वर बघा. खसखशीच्या दाण्यापेक्षा बारीक, लांबुळके, काळे कुळकुळीत ठिपके दिसतील, कोणी टोकदार पेन्सिलीने टिंबं काढल्यासारखे. घाण समजून आपण सोडून देतो. ती एडिस इजिप्तीची अंडी, म्हणजे तोच पायावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा डेंग्यूचा डास. त्याची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या वरच्या ओलसर भिंतीला चिकटवते, आणि तीही सगळी एका जागी नाही, थोडी कूलरमध्ये, थोडी पिंपात, थोडी कुंडीखालच्या बशीत. एकदा ती अंडी नीट तयार झाली की मग पाणी वाळून गेलं तरी मरत नाहीत, कित्येक महिने, अगदी वर्षभरसुद्धा कोरडी पडून राहू शकतात. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो तेव्हा अंडी चिकटलेली कागदाची पट्टी पाकिटात घालून कपाटात टाकून विसरलो होतो, चार-साडेचार महिन्यांनी सापडली, पोरांसमोर पाण्याच्या ताटलीत टाकली आणि तासिका संपायच्या आत अळ्या वळवळायला लागल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मला मात्र त्या दिवशी घरच्या कूलरची आठवण होऊन कसंतरीच झालं.

आणि पाणी लागलं की सगळी एकदम फुटत नाहीत बरं का. काही पहिल्या पाण्यात, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या, हप्त्या हप्त्याने. म्हणजे मार्चमध्ये तुम्ही कूलर खाली आणला, नव्या ताट्या लावल्या, पाणी भरलं, की मागच्या ऑक्टोबरच्या मादीची पोरं तिथे जन्म घेतात आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतात. पाऊस लागतच नाही त्यांना. बाहेर ४५ डिग्रीत डास टिकत नाही हे खरं, पण तो बाहेर असतो कुठे? तो असतो तुमच्या खोलीत, दाराच्या मागे टांगलेल्या कपड्यांच्या घडीत, पलंगाखाली, जिथे कूलरने छान गार आणि दमट करून ठेवलंय. आपण कूलर लावतो आपल्यासाठी आणि मजा करतो डास.

तर डास तुमच्या कूलरातून आले असतील, सासूबाईंचं इथपर्यंत खरं. पण डास आला म्हणजे डेंग्यू आला असं नाही, आणि लोक इथेच गोंधळतात.

आता व्हिडिओवाला. व्हायरस असलेल्या मादीकडून अंड्यात व्हायरस जाऊ शकतो का? जाऊ शकतो, जगात बऱ्याच ठिकाणी अशा अळ्या सापडल्यात, ज्यांनी आयुष्यात माणसाच्या रक्ताचा थेंब घेतलेला नाही आणि तरी त्यांच्यात डेंग्यूचा व्हायरस. आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं होतं, डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी तीन नंबरचा व्हायरस एडिस इजिप्तीच्या एका पिढीतून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या असा लागोपाठ पिढ्यांमध्ये उतरत राहतो हे त्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं. पण त्यातच हेही दिसलं की व्हायरसवाल्या अळ्या जास्त मरतात आणि त्या घराण्याची अंडीही कमी होतात. म्हणजे व्याज मिळत नाही आणि मुद्दल मात्र झिजत जातं. शिवाय एका मादीच्या सगळ्या अंड्यांत व्हायरस जात नाही, फार थोड्यांत जातो. त्यामुळे निव्वळ अंड्यांच्या जिवावर व्हायरस वर्षानुवर्षं शहरात टिकेल असा हिशोब काही जुळत नाही. एखाद्या कोरड्या महिन्यात दोन-चार ठिणग्या जपून ठेवणं, एवढंच त्याचं काम.

तुलना करायची तर वोल्बाखिया नावाचा एक जिवाणू आहे, तो अंड्यातून जवळजवळ सगळ्या पोरांत उतरतो, आणि गंमत म्हणजे तो ज्या डासात असतो त्या डासात डेंग्यूचा व्हायरस नीट वाढतच नाही. इंडोनेशियात योग्याकार्ता शहरात असे डास मुद्दाम सोडले तर त्या भागात डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी निघाले. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पुदुच्चेरीच्या केंद्रातही असे डास तयार केलेत. आपल्या गल्लीत ते यायचे तेव्हा येतील, तोवर ब्रश आपल्याच हातात आहे.

मग व्हायरस टिकतो कुठे? ताई, तुम्ही घरी दही लावत असाल. विरजण आपण डब्यात भरून वर्षभर ठेवतो का? नाही. कालच्या दह्यातलं आज, आजच्यातलं उद्या, असं ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात फिरत असतं आणि म्हणून जिवंत राहतं. डेंग्यूचं तसंच आहे. माणसातून डासात, डासातून माणसात. ऑक्टोबरमध्ये तो शंभर घरांत लागलेला असतो म्हणून पेपरात येतो, जानेवारीत तीन घरांत लागलेला असतो म्हणून कोणाला पत्ता नसतो, पण फिरणं चालूच असतं.

आता डासाच्या आत काय होतं ते बघा, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. मादीने आजारी माणसाचं रक्त घेतलं, व्हायरस तिच्या पोटात गेला, तो आधी आतड्याच्या भिंतीत वाढतो, मग ती ओलांडून अंगभर पसरतो आणि शेवटी लाळेच्या ग्रंथीत पोचतो. याला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, तोवर ती चावली तरी डेंग्यू देत नाही. आणि दही जसं उन्हाळ्यात लवकर लागतं आणि थंडीत लागता लागत नाही तसंच इथे, ३० डिग्रीच्या आसपास काम पटकन होतं, डिसेंबर-जानेवारीच्या नागपुरी थंडीत ते इतकं लांबतं की व्हायरस लाळेत पोचायच्या आधी बरेचदा मादीच मरते. मादी जगते दोन ते चार आठवडे. म्हणजे धोका असतो तो मुख्यतः म्हातारीपासून. तुमच्या खोलीतल्या बहुतेक डासांपासून डेंग्यू होत नाही, पण कोणती म्हातारी आणि कोणती तरुण हे काही आपल्याला ओळखता येत नाही.

एकदा लाळेत पोचला की मग ती मरेपर्यंत तिच्यात राहतो. मोठ्या झालेल्या डासाला त्याचा फारसा त्रासही होत नाही. त्याच्याही अंगात व्हायरसशी लढायची सोय असते, व्हायरसच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याचे, बारीक तुकडे करून टाकते, पण ती व्हायरसला आवरते, संपवत नाही. भाडेकरू राहतो, घरमालकही राहतो, दोघांचं बरं चाललेलं असतं. त्यात या मादीला एका बैठकीत पोटभर पिता येत नाही, आपण हात झटकला की ती उडते आणि दुसऱ्याला चावते, म्हणून एकाच घरात दोन दिवसांच्या फरकाने तिघं आडवे पडतात आणि आपण म्हणतो एकमेकांचा लागला. एकमेकांचा नाही, बहुतेक वेळा एकाच मादीचा.

आणि साखळीतली दुसरी बाजू, आपण. २०१३ मध्ये जगाचा एक अंदाज आला होता, वर्षाला सुमारे ३९ कोटी लोकांना डेंग्यूचा संसर्ग होतो आणि त्यातल्या साडेनऊ कोटींच्या आसपास लोकांनाच लक्षात येण्यासारखा आजार होतो. म्हणजे चारातले तीन जण ऑफिसला जातायत, भाजी आणतायत, लग्नात नाचतायत आणि त्यांच्या रक्तात व्हायरस आहे. आधी वाटायचं की अशा न आजारलेल्या लोकांपासून डासाला काही मिळत नसेल, पण कंबोडियात अशा लोकांवर डास बसवून पाहिले, त्यांच्यापासून डासांना व्हायरस मिळाला, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आता हिशोब करा. डास स्वतः लांब जात नाही, एखाद-दोनशे मीटरचं त्याचं जग, जन्मला त्या घराच्या आसपासच मरतो. व्हायरसला गावभर फिरवतो तो माणूस, गाडीवर, बसने, ट्रेनने. नागपूर म्हणजे चारी दिशांच्या गाड्यांचं जंक्शन, एप्रिल-मे लग्नाचे दिवस, पोरांच्या सुट्ट्या. तुमच्या कॉलनीतलं विरजण थंडीत संपलंही असेल, पण शेजारून वाटीभर आणायला कितीसा वेळ लागतो? शेजारच्या पोराला ताप यायच्या ४ ते १० दिवस आधी डास चावलेला असणार. तो त्या दिवसांत मामाकडे होता की घरातच होता हे सहज विचारता येईल, पण दोष द्यायला नको, कारण उत्तर काहीही आलं तरी आता व्हायरस तुमच्या गल्लीत आहे.

एक किस्सा सांगतो, जरा जुना आहे. चिकुनगुन्या, म्हणजे याच डासाचा दुसरा भाडेकरू, १९६३ मध्ये कलकत्त्यात, १९६४ मध्ये मद्रासमध्ये आणि १९७३ मध्ये आपल्या बार्शीत आला होता. त्यानंतर इतका गप्प झाला की लोक म्हणाले संपला. मग २००५-०६ मध्ये परत आला आणि २००६ मध्ये देशात १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण. आता सगळ्यांना वाटेल बघा, ३२ वर्षं कुठेतरी अंड्यात लपून बसला होता. पण पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, तपासलं तर हा जुना नव्हताच, आधीचे सगळे आशियाई जातीचे आणि हा आफ्रिकन. आणि त्याहून भारी गोष्ट पुढे आहे, २००० साली पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवत गावातून पकडून आणलेल्या एडिस डासांत चिकुनगुन्याचा व्हायरस सापडला होता, नंतर जुळवून पाहिलं तर तोही आफ्रिकनच. म्हणजे साथीच्या पाच वर्षं आधीच नवा व्हायरस आपल्या डासांत येऊन बसला होता आणि कोणाच्या बातमीत नव्हता. म्हणून मी म्हणतो, साथ नाही याचा अर्थ व्हायरस नाही असा घेऊ नका. २०२४ मध्ये नागपुरात चिकुनगुन्याने किती जणांचे सांधे धरले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

फॉगिंगबद्दल चिडू नका पण स्पष्ट बोलतो. धुराची गाडी आली की आपण काय करतो? खिडक्या बंद. डास कुठे? खिडकीच्या आत. धूर उडणाऱ्या डासाच्या अंगाला लागला तरच तो मरतो, अंड्याला काही होत नाही, अळीला काही होत नाही, आणि अर्ध्या तासात धूर गायब. रुग्णाच्या घरात आणि आसपास लगेच फवारणी झाली तर उपयोग आहे, कारण तिथल्या म्हाताऱ्या माद्या मारणं हेच तर हवंय. पण रोज रस्त्यावरून धूर सोडून फोटो ग्रुपवर टाकणं म्हणजे देखावा. ग्रुपवर मागायचंच असेल तर हे मागा की शेजारच्या पोराच्या घराभोवतीची घरं आतून तपासा, कोपऱ्यावरच्या प्लॉटवरचे टायर उचला, आणि ते अर्धवट बांधकाम आहे ना प्रत्येक कॉलनीत एक असतंच, त्याच्या लिफ्टच्या खड्ड्यात आणि स्लॅबवर साचवलेल्या पाण्यात बघा. असा मेसेज टाकला की ग्रुप शांत होतो, माझा अनुभव आहे, तरी टाका.

घरातलं काम सांगतो. आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस, आशाताई सांगतात तोच. पण नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी भिंतीलाच राहतात, हे आता कळलं असेल. काथ्याने नाहीतर ताठ ब्रशने क्षाराच्या रेषेवर खरवडून घासायचं, पुसून काढायचं, घासलेलं पाणी सुक्या मातीत ओतायचं आणि कूलर दोन-तीन तास उन्हात. आठवडा का, तर अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवड्याच्या वर लागतं, त्याआधी आपण पोचलो पाहिजे. आणि दिवाळीनंतर कूलर ठेवताना सगळ्यात जोरात घासायचा, जुन्या ताट्या माळ्यावर न ठेवता कचऱ्यात द्यायच्या. एवढं एक काम नोव्हेंबरात केलं ना तर मार्च महिना निम्मा सुटतो. नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल तर पिंपांना धोतराचं कापड ताणून बांधा, झाकण फटीचं असेल तर मादी आत जाते. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, आणि चिमण्यांसाठी ठेवलेले सकोरे, ते ठेवा जरूर, पण घासून रोज पाणी बदला.

आणि सगळ्यात मोठं काम तुमच्या घरात नाही, शेजारी आहे. ताप आला त्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ताप उतरेपर्यंत, म्हणजे ढोबळ पाच-सहा दिवस, त्या पोराच्या रक्तात व्हायरस आहे. या दिवसांत त्याला एकही डास चावला नाही तर साखळी तिथेच तुटली. लोक मच्छरदाणी रात्री लावतात, हा डास दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी तर जास्तच. म्हणजे पोराला दिवसाही मच्छरदाणीत. त्यांच्याकडे नसेल तर तुमची नेऊन द्या, हे शेजारधर्मापेक्षा स्वार्थ म्हणून करा.

आता मिस्टर. त्यांना सांगा डेंग्यूचे चार प्रकार आहेत. मागच्या ऑक्टोबरात त्यांना जो झाला तो परत व्हायची भीती नाही, हे बरोबर, बाकी तिघांपासून जे संरक्षण मिळालं ते थोड्या महिन्यांचं. आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर तो पहिल्यापेक्षा जास्त गंभीर व्हायची शक्यता असते, कारण पहिल्या वेळच्या अँटीबॉडीज नव्या व्हायरसला थांबवत तर नाहीत, उलट पेशीत शिरायला मदत करतात. म्हणजे कॉलनीत सगळ्यात जास्त फुल पँट घालायची गरज कोणाला असेल तर त्यांना. ताप आलाच तर पॅरासिटामॉलशिवाय मेडिकलमधून काही आणू नका, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नाही, रक्तस्राव वाढतो. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ तपासणी, म्हणजे डेंग्यूची रक्ततपासणी. आणि ताप उतरला की लोक पेढे वाटतात, खरं तर धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून नाहीतर नाकातून रक्त, हातपाय गार, खूप सुस्ती, लघवी कमी, यातलं एकही दिसलं तर पपईच्या पानाचा रस शोधत बसू नका, सरळ दवाखान्यात.

सासूबाईंना सांगा कूलरचं त्या म्हणाल्या ते खरं निघालं, रविवारी घासतेय. फक्त तुळशीच्या कुंडीखालची बशी कोणाच्या ताब्यात आहे ते आधी विचारून घ्या, आणि टॉर्च मारताना त्यांना सोबत घ्या.